करण्यात आले

एका राज्यात पूर यायचा नदीला, आणि ओसरायचा कागदावर.

त्या राज्याला बारा महाल होते, अठरा कारखाने होते, आणि प्रत्येकाच्या दारात पागोटे सावरीत एकेक वडीलधारा बसलेला होता. राजा होता. राजाला एक खिडकी होती. त्या खिडकीतून सगळे राज्य दिसे आणि सगळे ठीक दिसे.

हे असे का, ते आधी सांगितले पाहिजे. राजाच्या आजोबांच्या काळी एक पूल पडला. आजोबांनी दरबारात विचारले, कोणी बांधला? एका गवंड्याने खरे सांगितले आणि हात वर केला. आजोबांनी तो हात तोडला. ज्यांनी चुन्यात वाळू मिसळली होती ते पाच मानकरी मागच्या रांगेत उभे होते. ते भ्याले. म्हातारी माणसे भ्याली की त्या भीतीला धोरण म्हणतात. हे धोरण घेऊन पाचही जण दप्तरखान्याच्या तळघरात गेले. तिथे एक मांत्रिक राहत असे.

"आमचे हात वाचव," ते म्हणाले.

"तुमच्या वाक्यातला कर्ता मला द्या," मांत्रिक म्हणाला.

"एवढेच?"

"एवढेच."

त्यांनी तो दिला. हात मागितला असता तर मागे-पुढे पाहिले असते. शब्द द्यायला काय जाते? मांत्रिकाने बदल्यात तांब्याचा एक शिक्का दिला. कागदावर 'करण्यात आले' असे लिहून त्यावर तो शिक्का उमटवला, की ते काम राजाच्या खिडकीतून झालेले दिसू लागे. आणि ज्याने ते काम करायचे होते त्याचे नाव त्याच्या अंगावरून गळून तळघरातल्या एका रांजणात जाऊन पडे. मग ते नाव कोणाच्याच तोंडी येत नसे. आईच्या नाही, भावाच्या नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही.

तेव्हापासून त्या राज्यात विहिरी खोदण्यात आल्या, रस्ते बांधण्यात आले, रोग्यांना औषध देण्यात आले. बायका पोहरा सोडत तो खडकावर आपटे. राजाला खिडकीतून पाणी दिसे. महालकऱ्यांना नावे उरली नाहीत, पण घरी कोणाच्या ध्यानात आले नाही. बायको तर 'अहो' म्हणते. 'अहो'ला नाव लागत नाही.

अशा तीन पिढ्या गेल्या. शिक्का झिजला नाही.

त्या राज्यात भिवरा नावाची मुलगी होती. नदीच्या मध्यावर करंजबेट म्हणून एक बेट होते, त्यावर भिवराशिवाय तेवीस माणसांची वस्ती होती, आणि सगळी वस्ती लव्हाळ्याच्या चटया विणी. भिवराला आईबाप नव्हते. थोरली बहीण गिरजा हिने तिला वाढवले होते. भिवरा काही दिवस नगरात कागद लिहायला शिकायला गेली. तिथले पंतोजी 'मी' लिहिला की बोटांवर छडी मारीत. सहाव्या छडीला भिवराने लेखणी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि घरी आली. गिरजा एवढेच म्हणाली, की बरं केलंस, विणायला एक हात वाढला.

भाद्रपदात भिवरा चटया विकायला नगरात आली आणि मागे नदी फुगली. तीन दिवस कोणाला पलीकडे जाता आले नाही. चौथ्या दिवशी पाणी उतरले. भिवरा एका कोळ्याच्या होडीत बसून निघाली. होडी जिथे जायची तिथे गेली, आणि तिथे बेट नव्हते. वाहून गेले म्हणावे तर एक झाड तरंगत नव्हते, एक छप्पर अडकलेले नव्हते. नुसते सपाट पाणी. होडी त्यावरून इकडून तिकडे आरपार गेली.

मग दुपारी वारा पडला, आणि त्या रिकाम्या पाण्यातून हाका आल्या. तेवीस हाका. त्यांत एक गिरजाची होती.

कोळी म्हणाला, "पोरी, मागे फिरू. हे कागदाचं पाणी आहे."

भिवरा दप्तरात गेली. तिथे कागद होता. त्यावर तीन ओळी होत्या: 'करंजबेटास नावा पाठविण्याचा हुकूम देण्यात आला. नावा सोडण्यात येऊन तेवीस इसमांना सोडविण्यात आले. जागेवर जाऊन पाहणी करण्यात आली.' खाली शिक्का.

सोडवलेली माणसे कुठे आहेत, असे तिने विचारले. कारकून म्हणाला, सोडविण्यात आली आहेत. कुठे ठेवलीत, असे तिने विचारले. त्याने पुन्हा कागदात पाहिले आणि म्हणाला, तसा उल्लेख नाही. बेटावर कोणी अडकलेले नाही असे कागद म्हणत होता, म्हणून नदीने बेट झाकून घेतले होते. राज्य कागदाचे ऐके. नदी राज्यात होती.

ती नौकामहालाच्या मुख्याकडे गेली. तो पान लावीत होता.

"मला नाव हवं," भिवरा म्हणाली.

"नावा सोडण्यात आल्या आहेत."

"होडी नव्हे. नाव. तुमचं."

त्याने तोंड उघडले. ओठ हलले. आतून आले ते एवढेच: "नौकामहालाचा मुख्य." त्याने पुन्हा प्रयत्न केला, घाम आला, पुन्हा तेच आले. मग त्याने पान तोंडात घातले आणि हाताने तिला जायला सांगितले.

प्रधानांकडे गेली. प्रधान म्हणाले की तुझे वय काय, आणि या वयात मोठ्यांना नावे विचारतात काय. तिथल्या इतर म्हाताऱ्यांनीही माना हलवल्या. एकाने तर तिला सरबत देऊन समजावले, की बाळ, व्यवस्था ही मोठी असते, माणूस लहान असतो. भिवराने सरबत घेतले नाही.

असे सात महिने गेले. रोज दुपारी ती काठावर जाई आणि हाका मोजी. दिवाळीला वीस होत्या. संक्रांतीला सतरा. फाल्गुन सरता सरता चौदा. बेटावर धान्य किती होते ते तिला ठाऊक होते. तिनेच कणग्या लिंपल्या होत्या. गिरजाची हाक अजून येत होती, पण घोगरी झाली होती. आषाढात नदी पुन्हा फुगणार होती, आणि कागदाखाली झाकलेले बेट पाण्याखाली जायला काय वेळ लागतो?

नगराच्या टोकाला एक कचेरी होती, तिच्या दारावर 'पडताळणीस' अशी पाटी होती. पूर्वी राज्यात ही जागा मानाची. महालांनी काय केले, काय केले नाही, ते पायांनी जाऊन आणि डोळ्यांनी पाहून राजाला सांगायचे, हे त्याचे काम. भिवरा तिथे शेवटी गेली, कारण सगळ्यांनी सांगितले होते की तिथे कोणी नसते. आणि खरेच नव्हते. बैठकीवर धूळ होती, आणि धुळीत एक काळा कोतवाल पक्षी बसला होता. त्याची शेपटी बोरूच्या टोकासारखी मधोमध चिरलेली होती.

"काय हवे?" पक्षी म्हणाला.

"पडताळणीस कुठे आहेत?"

"बाहेर गेले आहेत, असे लिहिण्यात आले आहे."

भिवरा वळली. मागून पक्षी म्हणाला, "थांब. कायदा मला पाठ आहे. प्रजेपैकी कोणीही, लहान असो मोठा असो, पडताळा मागू शकतो. त्याने भर दरबारात तीन नावे घ्यावीत. हुकूम ज्याने द्यायचा होता, त्याचे. काम ज्याने करायचे होते, त्याचे. आणि जाऊन पाहायचे ज्याने होते, त्याचे. तिघांनी उभे राहून आपापल्या तोंडाने 'मी' म्हणावे. मग शिक्का फुटतो. तीन पिढ्यांत कोणी मागितला नाही."

"नावं कुठून आणू?"

"ती मांत्रिकाच्या रांजणात आहेत. मी वाट दाखवतो."

तळघर कोरडे होते आणि मांत्रिक फार म्हातारा होता. तो सुपारी कातरीत होता. भिवराने त्याच्यावर आरोप ठेवला. त्याने ऐकून घेतला.

"मी मागितले एकदा," तो म्हणाला. "त्यानंतर रोज ते आपणहून आणून देतात. रांजण भरला, दुसरा आणला. बघ हवे तर."

तिने रांजणाला कान लावला. आत नावे भुणभुणत होती, पण एकही कळत नव्हते. हात घातला तर मुठीत वारा आला.

"तोंडावाचून नाव म्हणजे वारा," मांत्रिक म्हणाला. "पण सौद्यात एक खोट राहिली आहे, ती सांगतो, कारण विचारायला आलेली तू पहिली. हाक मारायची नावे माझ्याकडे आली. जे नाव कोणी जिवापाड जपले आणि त्या नावाने कधी हाक मारली नाही, ते माझ्या हाती लागलेले नाही."

"असं नाव कोण जपतं?"

"मी लग्न केलेले नाही," मांत्रिक म्हणाला, आणि पुन्हा सुपारी कातरू लागला.

भिवरा पायऱ्या चढू लागली, आणि पाचव्या पायरीवर तिला कळले.

चैत्र लागला होता. घरोघरी गौर पाळण्यात बसली होती, हळदीकुंकवाला बायका जमत होत्या, कैरीची डाळ वाटली जात होती, आणि बसायला चटया लागत होत्या. भिवराने चटयांची गुंडाळी खांद्यावर घेतली. पक्षी तिच्यापुढे उडत राहिला.

पहिले घर प्रधानांचे. प्रधानांची बायको भारदस्त होती. भिवराने चटया पसरल्या आणि कोपऱ्यात बसून राहिली. ओटी भरून झाली, डाळ खाऊन झाली, तशी बायकांत कुजबूज सुरू झाली, की घ्या, नाव घ्या, तुम्ही मोठ्या, तुमच्यापासून सुरुवात. ती नको नको म्हणाली, जशी रीत आहे. मग पदर सावरून तिने घेतले:

"अंगणात काढली रांगोळी, भोवती काढली वेल,
धुंडिराजपंतांच्या जिवावर समईत तेल."

सगळ्या हसल्या. बाहेर ओसरीवर बसलेले प्रधान दचकून उठले, कोणी हाक मारली म्हणून. कोणी मारलेली नव्हती. भिवराने नाव पदराच्या गाठीला बांधले.

दुसरे घर नौकामहालाच्या मुख्याचे. त्याची बायको किडकिडीत, जिभेची तिखट. तिला आग्रह करावा लागला नाही.

"पाट्यावर वाटली मिरची, तिखट झाली भारी,
निघालो म्हणतात हैबतराव, पलंगावर स्वारी."

बायका पोट धरून हसल्या. एक जण म्हणाली, असं म्हणू नये हो, नवरा आहे. ती म्हणाली, "नवरा आहे म्हणूनच ठाऊक. पूर आला त्या दिवशीही निघालोच म्हणत होते. मी डबा बांधून दिला. डबा घरातच बसून खाल्ला." म्हणाली, आणि तिचे तिलाच काहीतरी कळले असावे, कारण तिने डाळीची वाटी खाली ठेवली. भिवराने तिच्याकडे पाहिले. तिने डाळीची वाटी खाली ठेवली.

तिसरे घर पडताळणिसांचे होते. तिथे जाताना पक्षी मागे राहू लागला. भिवराने विचारले तर म्हणाला की पंख दुखतात.

त्या घरी हळदीकुंकू नव्हते. घरधनी भाद्रपदात एके सकाळी कचेरीत गेले ते आलेच नव्हते. मेले म्हणावे तर प्रेत नाही, गेले म्हणावे तर निरोप नाही. दोन महिने वाट पाहून सासरच्या वडीलधाऱ्यांनी बैठक घेतली, विडे खाल्ले, आणि त्यांच्या बायकोचे, सुंदराबाईंचे, कुंकू पुसायचे ठरवले. पुसताना कोणी पुसले ते कोणी सांगत नव्हते, पुसण्यात आले. तेव्हापासून ती परसात बसून असे, आणि शेजारणींची बोलावणी तिच्या दारावरून पुढे जात.

भिवराने परसात शेवग्याखाली एकच चटई पसरली.

"मी कुणाला बोलावलेलं नाही," सुंदराबाई म्हणाली.

"मी आले."

भिवराजवळ दोन्ही घरची हळदकुंकवाची पुडी होती. तिने ती सोडली आणि बोट पुढे केले. सुंदराबाईने कपाळ मागे घेतले. मग पुढे केले.

"आता नाव घ्या."

"कपाळ पुसलेल्या बाईला नाव घे म्हणत नाहीत गं."

"मी म्हणते. तेवीस माणसं होती, बाई. काल दुपारी अकरा हाका आल्या."

सुंदराबाईने डोळे मिटले. तिने उखाणा जुळवला नसावा. तो तिच्यात सात महिने पडून होता.

"उंबऱ्यावरचे माप ओलांडून आले मी तेव्हा,
नीळकंठराव गेले पाहणीला, परत येतील केव्हा?"

शेवग्याच्या फांदीवरून काहीतरी खाली पडले. कोतवाल पक्षी. तो चटईवर उताणा पडला होता आणि त्याची छाती धडधडत होती. सुंदराबाईने त्याच्याकडे पाहिले. बायकोला नवरा ओळखायला माणूस लागतोच असे नाही. तिने किंकाळी फोडली नाही. फक्त हात मागे घेतला.

भिवरा त्याच्यावर वाकली. "तुम्ही."

"मी पाहणीला गेलो नाही," पक्षी म्हणाला. "चिखल होता. ओळ लिहिली आणि खाली सही केली. मग सही खोडली. शिक्का उमटला तेव्हा माझे अर्धे नाव कागदावर राहिले होते, म्हणून अर्धाच माणूस उरलो. बाकीचा हा."

"पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"नाव तोंडातून निघत नव्हते."

"नाव निघत नव्हतं. 'मी' तर निघत होतं ना?"

पक्ष्याने मान पंखाखाली घातली.

"सगळा चैत्र मला दारं दाखवत हिंडलात," भिवरा म्हणाली. "या चैत्रात तीन हाका बंद झाल्या. कायदा पाठ, वाट पाठ. स्वतःचं दार तेवढं शेवटी."

तिने त्याला उचलले नाही. सुंदराबाईने उचलले, टोपलीत घातले, टोपली भिवराच्या हाती दिली, आणि म्हणाली, "घेऊन जा. आणि बोलला नाही तर परत आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहिल्या प्रहरी दरबार भरला. राजा खिडकीपाशी उभा होता. भिवराने कागद मांडला, पडताळा मागितला, आणि कायदा सांगितला. म्हाताऱ्यांत खसखस पिकली. मग ती म्हणाली:

"धुंडिराजपंत."

तळघरात रांजण वाजला. फरशीखालून एक भुणभुण वर आली आणि प्रधानांवर बसली. इतकी वर्षे प्रधान या पदाला गुडघे नव्हते. धुंडिराजपंतांना होते, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले.

"हैबतराव."

मुख्याच्या हातातले पान गळून पडले.

"नीळकंठराव," भिवरा म्हणाली, आणि टोपली उघडी केली.

हसणे थांबले होते. राजाने वळून पाहिले.

धुंडिराजपंत उठले. ते म्हणाले की त्या दिवशी हुकूम देण्याचे विचाराधीन होते. की शिक्कामोर्तबाला पालखी यायची होती. की पालखीचे भोई रजेवर पाठविण्यात आले होते. की एकट्या माणसाकडे बोट दाखवणे हे राज्याच्या प्रकृतीला बरे नाही. ते बराच वेळ बोलले. चांगले बोलले. तेवढ्यात दोन माना डोलूही लागल्या.

"पंत," भिवरा म्हणाली, "तुम्ही बोलताय तोवर दुपार होईल. मी हाका मोजायला जाईन. काल अकरा होत्या."

म्हातारा उभा होता. त्याने दोनदा तोंड उघडले आणि मिटले. तिसऱ्यांदा आले.

"मी हुकूम दिला नाही."

कागदावरची पहिली ओळ पुसली गेली.

हैबतरावाने इकडेतिकडे पाहिले. त्याची बायको बायकांच्या सज्जात उभी होती. ती खाली पाहत नव्हती, त्याच्याकडेच पाहत होती. "मी नावा सोडल्या नाहीत," तो म्हणाला. "मी घरी होतो." दुसरी ओळ गेली.

टोपलीच्या काठावर पक्षी चढला.

"मी गेलो नाही," तो म्हणाला. "मी पाहिले नाही. मी पाहिले असे लिहिले."

तिसरी ओळ गेली, आणि टोपलीच्या जागी एक खांदे पडलेला मध्यमवयीन माणूस गुडघ्यांवर बसलेला होता. कोणी त्याला उठवले नाही.

पण शिक्का फुटला नव्हता. कोऱ्या कागदावर तो एकटाच तांबडा उरला होता. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग हळूहळू, कारण दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती, राजाकडे पाहू लागले. शिक्का कोणाच्याही हाती असो, तो राजाच्या नावाने उमटे.

राजा खिडकीकडे वळला. खिडकीत नदी होती, नदीवर पूल होता, शेते हिरवी होती. तो म्हणाला, "मी विचारले नाही. इथून जेवढे दिसत होते तेवढे मला पुरत होते."

शिक्का मधोमध तडकला. तळघरात एकामागून एक रांजण फुटले, तीन पिढ्यांची नावे माश्यांच्या मोहळासारखी वर आली आणि आपापल्या माणसांवर जाऊन बसली. जे मेले होते त्यांच्या समाधीवर बसली. खिडकीतला पूल नाहीसा झाला. हिरव्या शेतांत खडक दिसू लागला. राजाने डोळ्यांवर हात घेतला, आणि मग काढला. मांत्रिक तळघरातून बाहेर आला, उन्हात डोळे किलकिले केले, आणि काठी टेकीत वेशीबाहेर गेला. त्याला कोणी अडवले नाही. त्याच्याकडे काही उरले नव्हते.

भिवरा तोवर नदीवर पोहोचली होती. मध्यावर करंजबेट होते. पहिली नाव हैबतरावाने वल्हवली. त्याला वल्हवता येत नव्हते. नौकामहालाच्या मुख्याला कधी ते लागले नव्हते. नाव दोनदा गोल फिरली. भिवराने वल्हे त्याच्या हातातून घेतले नाही.

गिरजा काठावर बसली होती. तिच्या हातात अर्धी विणलेली चटई होती आणि तिची बोटे काटक्यांसारखी झाली होती. भिवराला पाहून ती उठली नाही, उठवत नव्हते. तिने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारले की जेवलीस का. मग तिने नावेत बसलेल्या माणसाकडे पाहिले.

"हा कोण?"

"मी हैबतराव," तो म्हणाला. "भाद्रपदात मी यायचं होतं."

गिरजा त्याच्याकडे पाहत राहिली. ती शिव्या देईल असे त्याला वाटले असावे. तो त्या खायला तयार होऊन बसला होता. ती म्हणाली, "आधी पोरं ने. मग आम्हांला. मग वर करंजाखाली बारा जण आहेत, वीतभर मातीत. आमच्यात जास्त खणायची ताकद नव्हती. त्यांनाही न्यायचं. एका खेपेला एक."

त्याने तसे केले. अकरा जिवंत माणसे काठाला आली. मग बारा खेपा झाल्या. धुंडिराजपंतांनी काठावर चिता रचल्या. त्यांना लाकूड उचलता येईना तरी त्यांनीच रचल्या. प्रत्येक खेपेला गिरजा नाव सांगे आणि नीळकंठराव ते मोठ्याने म्हणत. पाचवे नाव एका तान्ह्या मुलाचे होते. त्याचे बारसे व्हायचे होते, म्हणून गिरजाने ते तिथेच ठेवले.

राजाने कोणाचा हात तोडला नाही. हाताची गोष्ट एकदा चुकली होती. त्याने भिवराला पडताळणीस हो म्हटले. ती म्हणाली, होते, पण कचेरीत बसणार नाही, आणि कागद तिथे वाचला जाणार नाही. ज्याने काम केले त्याने तो स्वतः वाचायचा, आणि जिथे काम करायचे होते तिथेच, तिथल्या माणसांसमोर उभे राहून. म्हातारे कुरकुरले, की चिखलात कुठे उभे राहायचे. भिवरा म्हणाली, चिखलातच.

पुढच्या भाद्रपदात नदी फुगली. पाणी उतरल्यावर हैबतराव करंजबेटावर उभा राहिला आणि वाचू लागला, की मी हैबतराव, पाणी चढताच दुसऱ्या प्रहरी चार नावा घेऊन निघालो.

"तिसरा," गिरजा म्हणाली. "दुसऱ्याला मी चूल विझवत होते. तू दिसला नव्हतास."

त्याने बोरू काढला. खोडले. वर लिहिले, शेजारी आपली सही केली, आणि ती खोडली नाही.

"आता पुढं वाच," गिरजा म्हणाली.

सुंदराबाईने नवऱ्याला घरात घेतले की नाही, हे तिचे तिला ठाऊक. पण पुढच्या चैत्रात तिच्या परसात हळदीकुंकू झाले, आणि बायका आल्या.

असे राजाला त्याचे राज्य मिळाले, विहिरींना पाणी लागू लागले, नावांना त्यांची माणसे मिळाली. बारा नावांना मिळाली नाहीत. ती करंजाखाली दगडावर कोरलेली आहेत.